ससोबा पुढे, जोझेफिन मागे

"आमच्या घराण्यात आजवर कुणी कशावर आदळलेलं नाही!" असं म्हणून तुदुआलने बारच्या काउंटरवर मूठ आपटली, आणि त्याच्या पुढ्यातली सायडरची, म्हणजे सफरचंदाच्या दारूची वाटी उलटली.

कुणी हसलं नाही, कारण सगळे त्याच्या पाठीमागच्या खिडकीतून बाहेर बघत होते. ओहोटी होती. पोर-ग्वेन गावच्या धक्क्यासमोर 'कोंबडी' नावाचा खडक पार उघडा पडला होता, आणि कोंबडीच्या बरोब्बर छातीवर निळ्या रंगाचा एक लांबलचक ओरखडा होता. त्याच निळ्या रंगाचा अर्धा डबा तुदुआलच्या गॅरेजमध्ये पडून होता.

"पक् पक् पकाऽऽक," कोपऱ्यातून कुणीतरी आरवलं.

"ती हलली होती!" तुदुआल मागे न वळताच म्हणाला.

गेल्या उन्हाळ्यापासून तो हेच सांगत होता. भरदुपारी, लख्ख उन्हात, समुद्राला आशीर्वाद देण्याच्या जत्रेसाठी सगळं गाव धक्क्यावर जमलेलं असताना, पाद्रीबाबांनी पवित्र पाणी शिंपडून हात अजून खाली घेतलेला नसताना, तुदुआल आपली 'जोझेफिन' घेऊन बंदरात शिरला आणि लोकांना टोपी हलवून दाखवता दाखवता थेट कोंबडीवर चढला. जोझेफिन म्हणजे त्याची मॅकरेल धरायची छोटी निळी बोट. नाव आईचं. पाद्रीबाबांनी पुन्हा एकदा पाणी शिंपडलं, पण तोवर जोझेफिनमध्ये त्याहून बरंच जास्त पाणी शिरलं होतं.

खरं सांगायचं तर तुदुआलने जन्मभर सार्डिनच्या कारखान्यात डब्यांना झाकणं लावली. पण त्याचा आजा न्यूफाउंडलंडला कॉड माशांच्या मागे जायचा, पणजा वादळात गेला, आणि त्यामुळे समुद्र हा आपल्या घरातलाच माणूस आहे अशी त्याची ठाम समजूत होती. मुळात तो वाईट नावाडी नव्हता. बोलत नसला की बरा चालवायचा.

त्या दिवसापासून जोझेफिन अंगणात ट्रॉलीवर, ताडपत्रीखाली पडून होती. भोक बुजवून झालं, रंग देऊन झाला, इंजिन तीनदा उघडून तीनदा लावून झालं. पण किल्ली त्याच्या बायकोकडे, सोआझिगकडे होती. कुठे, ते तिलाच ठाऊक. पिठाच्या डब्यात, संत आनाच्या पुतळ्यामागे, शिवणाच्या पेटीत, तुदुआलने सगळीकडे हात घालून पाहिला होता. शिवणाच्या पेटीत त्याला सुई लागली, बाकी काही नाही.

वसंत सुरू झाला आणि उपनगराध्यक्ष केरदोन्कफ लोण्याच्या बिस्किटांचा डबा घेऊन दारात आले. केरदोन्कफ म्हणजे उंच, किडकिडीत गृहस्थ. कान एवढे मोठे, की समोरून वारा आला तर माणूस वळतो की काय असं वाटावं. फुलांचं त्यांना वेड. गावाच्या पाटीवर फुलांच्या स्पर्धेत बक्षीस मिळालेली दोन फुलं रंगवलेली होती, त्यांना तिसरं हवं होतं.

"मादाम," ते सोआझिगला म्हणाले, "आजूबाजूच्या एकेका गावाच्या गोल चौकात बघा. मधल्या बेटावर बोट आहे, बोटीत फुलं आहेत. आणि आपण? आपण खुद्द समुद्रावरचं गाव, आणि आपल्या बेटावर काय? गवत! तुमची जोझेफिन किती शोभून दिसेल. मी मधली जागा मोकळी ठेवून भोवतीनं जिरेनियम लावूनसुद्धा घेतलेत."

"जिरेनियम?" तुदुआल आतून ओरडला. "माझ्या आईत?"

"अहो, आदरानं लावू."

सोआझिगने बिस्किटं घेतली आणि विचार करते म्हणाली. ती विचार करते म्हणाली की तुदुआलचं संपलंच, कारण तिचा विचार बहुतेक आधीच झालेला असायचा. त्या दिवशी त्याने जेवताना गयावया केली, शपथा घेतल्या, आणि कशाचाच उपयोग होईना तेव्हा नको ते बोलून बसला.

"अगं, मी डोळे झाकून बोट चालवू शकतो! ती इंटरनेटवरची शर्यत आहे ना, अटलांटिक पार करायची, रोझेनच्या बारमधले सगळे खेळणारेत. त्यात बघच माझी बोट. सगळ्यांच्या पुढे नेऊन दाखवतो."

सोआझिगने सुरी खाली ठेवली. "पुढे नकोय मला. पलीकडे ने. कुठं न आपटता. नेलीस तर किल्ली देते, जोझेफिन पाण्यात. आणि आपटलास तर ती केरदोन्कफची."

"ठरलं!"

"आणि खडक हलला वगैरे मी ऐकणार नाही हां."

तर ही अशी भानगड होती. रोझेन ही बारची मालकीण. तिने खडूने फळीवर सगळ्यांच्या बोटींची नावं लिहायला घेतली. तुदुआलने 'जोझेफिन-दोन' लिहायला सांगितलं, आणि मग पुढे आला त्याचा साडू.

जेरो हा सोआझिगच्या बहिणीचा, अनाइगचा नवरा. दूर कांतालच्या डोंगरातला माणूस. बायकोला माहेरच्या समुद्राची ओढ लागली म्हणून तिच्यासाठी इकडे येऊन राहिलेला, आणि बाजाराच्या दिवशी पांढऱ्या व्हॅनमधून आपल्याकडचं चीज विकायचा. व्हॅनच्या दोन्ही अंगांना एकेक गाय रंगवलेली. माणूस सोन्यासारखा, पण धक्क्यावर उभं राहून हलत्या बोटींकडे जास्त वेळ बघितलं तरी त्याला मळमळायचं.

"जेरो, बोटीचं नाव?" रोझेनने विचारलं.

"ससोबा," जेरो म्हणाला.

रोझेनच्या हातातला खडू पडला. कोपऱ्यातला आरवणारा उठून बाहेर गेला आणि दाराच्या लाकडाला हात लावून परत आला. तुदुआलने दोन्ही कानांवर हात ठेवले.

"काय झालं?" जेरो बिचारा गोंधळला. "माझा ससा होता तिकडे. पांढराशुभ्र. जनावरांच्या प्रदर्शनात पहिला आलेला. त्याचं नाव होतं ससो—"

"बोलू नकोस!" चार-पाच जण एकदमच ओरडले.

"साडोबा," तुदुआल दातओठ खात म्हणाला, "तो प्राणी बोटीवरचे दोर कुरतडतो. फळ्यांमधलं भरण खातो. आख्खी जहाजं बुडाली आहेत त्याच्यापायी. त्याचं नाव समुद्रावर घ्यायचं नसतं, बंदरात घ्यायचं नसतं, समुद्र दिसत असेल तिथं घ्यायचं नसतं. अगदीच गरज पडली तर लांबकान्या म्हणायचं."

"पण ही बोट खोटी आहे ना?"

"वारा खरा आहे!"

ते खरंच होतं. त्या खेळात पाणी खोटं, बोट खोटी, पण वारा खरोखरच्या समुद्रावर वाहणारा, हवामानखात्याच्या अंदाजातून जसाच्या तसा घेतलेला. आपण फक्त दिशा नेमून द्यायची. मग तुम्ही जेवा, झोपा, आंघोळ करा, बोट आपली चालतच राहते, आणि नेमून दिलेल्या दिशेत जे काही येईल त्यावर जाऊन धडकते. नाव एकदा नोंदवलं की बदलता येत नव्हतं. जेरोने ते फोनवरून सकाळीच नोंदवलं होतं. रोझेनने फळीवर त्याच्या बोटीच्या नावाच्या जागी 'साडोबा' लिहून वेळ मारून नेली.

शर्यत सुरू झाली आणि तुदुआलच्या स्वयंपाकघराचा समुद्र झाला. टेबलावर संगणक, शेजारी आज्याचा वायुभारमापक, भिंतीवर नकाशा. बिस्केच्या उपसागरात वादळ लागलं तेव्हा तो पिवळा रेनकोट आणि गमबूट घालून बसला.

"घरात पाऊस पडतोय का?" सोआझिगने विचारलं.

"बाहेर चाळीस नॉटचा वारा आहे."

"बाहेर ऊन पडलंय. धुणं वाळत घातलंय मी."

"तिकडे बाहेर!" तुदुआलने पडद्याकडे बोट दाखवलं, आणि सार्डिनचा डबा उघडून काट्याशिवाय, बोटांनी खाल्ला, कारण वादळात काटे कोण वापरतं.

पण चालवत तो चांगला होता, हे सोआझिगच्याही लक्षात आलं. वारा फिरायच्या आधी तो ओळखायचा. इतर लोक सरळ रेषेत जाऊन वाऱ्याच्या पोकळीत अडकले, तुदुआलने लांबचा वळसा घेतला आणि भराभर पुढे सरकला. रोझेनच्या फळीवर जोझेफिन-दोन वर वर चढत चालली. बारमध्ये आरवणं बंद झालं. लोक त्याला विचारायला लागले, काय रे, उद्या वारा कुठला? तो मान वर करून, डोळे बारीक करून, खिडकीतून कोंबडीवर बसलेल्या सीगलकडे बघायचा आणि सांगायचा. आणि बरोबर निघायचं.

घरी आल्यावर तो जोझेफिनवरची ताडपत्री जराशी उचलून तिच्या पोटावर हात फिरवायचा. सोआझिग खिडकीतून बघायची आणि बाजूला व्हायची.

एकच पीडा होती. त्याच्या पुढे, नाकासमोर, कायम एकच बोट असायची. जेरोला वाऱ्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. तो सकाळी चीज कापता कापता अंगठ्याने फोनवर दिशा ढकलायचा, आणि नेमका पुढे निघायचा. पडद्यावर बोटीच्या चित्राशेजारी तिचं नाव येतं. म्हणजे रोज सकाळी तुदुआल डोळे उघडून संगणकापुढे बसला की समोर, समुद्राच्या मधोमध, काळ्या अक्षरात, तोच शब्द.

"वाचला तरी म्हटल्यासारखंच आहे," तो सोआझिगला म्हणाला. "मनात उच्चार होतो."

"मग वाचू नकोस."

"अगं, तो वाचला जातो!"

शेवटी त्याने औषधांच्या कपाटातून जखमेवर लावायची चिकटपट्टी काढली, एक तुकडा कापला आणि पडद्यावर त्या नावावर चिकटवून टाकला. ससोबा पुढे सरकला की तुदुआल पट्टीही पुढे सरकवायचा. काम चोख झालं. जोझेफिन-दोनच्या पुढे आता लांबकान्या नव्हता, नुसती त्वचेच्या रंगाची एक छोटीशी पट्टी समुद्रावरून चालली होती, आणि तुदुआल तिच्या मागून.

रविवारी दोन्ही घरांचं जेवण तुदुआलकडे होतं. सोआझिगने सकाळपासून आलुबुखारे घालून एक मोठं भांडं रटरटत ठेवलं होतं. भांड्यात काय आहे ते सगळ्यांना माहीत होतं, पण शर्यत सुरू असल्यामुळे त्या दिवशी त्याला कोंबडी म्हणायचं ठरलं होतं.

शर्यत अझोर्सच्या बेटांजवळ आली होती. ससोबा पहाटेच पुढे जाऊन जरा डावीकडे वळला होता. तुदुआलला वाटलं, पट्टी आहे तिथं साडू आहे, आणि साडू सुखरूप आहे म्हणजे वाट मोकळी आहे. पट्टी कुठे होती? पट्टी होती तिथेच होती. गडबडीत, स्वयंपाकघरातून सोआझिग "आधी टेबलावरचा पसारा उचल!" म्हणून ओरडत असताना, ती पुढे सरकवायची राहून गेली. तुदुआलने पट्टीच्या दिशेने बोटीचं नाक लावून दिलं, संगणक खिडकीत ठेवला आणि जेवायला बसला.

"कोंबडी मस्त झालीय," अनाइग म्हणाली.

"चार पायांची आहे," जेरो पुटपुटला. अनाइगने त्याला टेबलाखालून लाथ मारली.

ब्रेड फिरला, सायडर फिरली. जेरोने सहज फोन काढला, आपली बोट कुठवर आली बघावी म्हणून. मग त्याने फोन डोळ्यांजवळ नेला.

"तुदुआल," तो म्हणाला, "अरे, तू कुठं चाललायस?"

"तुझ्या मागं, साडोबा. संध्याकाळपर्यंत तुला मागं टाकतो की नाही बघ."

"नाही, नाही, ऐक. तिथून वळ. ससोबा वळला होता ना, तसा—"

तुदुआलचा काटा बशीत पडला. "बोललास! जेवणाच्या टेबलावर! बोललास!"

"अरे, पण ससोबाच्या मागं—"

"पुन्हा!" तुदुआलने कानांत बोटं घातली आणि मोठमोठ्याने गाणं सुरू केलं. कुठलं ते कुणालाच कळलं नाही, कारण त्याला सूर नव्हता आणि शब्दही आठवत नव्हते.

"बेट आहे!" जेरो ओरडला. "ससोबाच्या इथं बेट—"

"ला ला लाऽऽ!"

"कानातली बोटं काढ, बावळटा," सोआझिग म्हणाली, पण तेही त्याला ऐकू गेलं नाही. तो तसाच, कानांत बोटं घालून, कोपराने दार ढकलून अंगणात पळाला. तो शब्द दोनदा कानावर पडला तर उतारा एकच, असं त्याचा आजा सांगायचा. बोटीच्या लाकडाला कपाळ टेकवायचं आणि समुद्राची मनापासून माफी मागायची. तुदुआलने ताडपत्री उचलली, जोझेफिनच्या निळ्या पोटाला कपाळ लावलं आणि माफी मागितली. मनापासून मागायची म्हणजे जरा वेळ लागतोच.

त्या जरा वेळात जोझेफिन-दोन, शिडं भरून, वाऱ्याच्या सगळ्या जोरानिशी, बेटावर चढली.

तो आत आला. जेरोचा चेहरा बघूनच तुदुआल खिडकीकडे गेला. पडद्यावर लाल अक्षरं होती: तुमची बोट किनाऱ्याला लागली आहे. पण किनारा कुठेच दिसत नव्हता. चहूकडे निळा समुद्र, आणि मध्ये ती चिकटपट्टी. तुदुआलने नखाने पट्टी सोलून काढली.

खाली एक छानसं हिरवं बेट होतं.

जेरो त्याच्या पाठीशी येऊन उभा राहिला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "सोआझिगला काही कळलं नाहीय. तिला फोनमधलं कळत नाही आणि अनाइगला मी गप्प बसवतो. बोट मागं घे, वळव, आणि चल पुढं. मी रोझेनला सांगतो, ती फळीवर काही लिहिणार नाही."

तुदुआलच्या मनात सगळं तयार होतं. पट्टीमुळे झालं. साडूमुळे झालं, तो शब्द बोलला नसता तर झालंच नसतं. खेळाचा नकाशा चुकीचा असणार. पोर्तुगीजांनी ते बेट तिथे ठेवायलाच नको होतं. एकाहून एक चांगल्या सबबी त्याच्यापुढे रांगेत उभ्या राहिल्या होत्या. तो खिडकीतून बाहेर बघत राहिला. त्याने ताडपत्री नीट ओढली नव्हती. जोझेफिनचं नाक उघडं राहिलं होतं.

तो टेबलापाशी आला. सोआझिग अंड्या-दुधाचा केक कापत होती.

"सोआझिग, मी आदळलो."

तिने सुरी थांबवली नाही. "कशावर?"

"फ्लोरेसवर. बेट आहे. पोर्तुगालचं."

"फ्लोरेस म्हणजे फुलं ना?" अनाइगने विचारलं.

"हललं होतं का?" सोआझिगने विचारलं.

"नाही. होतं तिथंच होतं. मी बघितलं नाही. कोंबडीपण..." तो थांबला. "कोंबडीपण होती तिथंच होती. मी टोपी हलवत होतो."

अंगणात ताडपत्री फडफडली. सोआझिगने केकचा तुकडा त्याच्या बशीत घातला. मग बसली.

"त्या दिवशी मी धक्क्यावर उभी होते," ती म्हणाली. "माझ्या पुढं एवढे लोक, मला दिसेना. नुसता आवाज आला. लाकूड फुटल्याचा. आणि नंतर सगळं गाव हसायला लागलं, तेव्हा मला कळलं की तू जिवंत आहेस. आणि तू पाण्यातनं वर आलास, आणि पहिला शब्द काय बोललास? तर ती हलली. वर्षभर मी वाट बघतेय. अरे, जो माणूस खडकाला नावं ठेवतो, त्याला मी परत समुद्रावर कशी सोडू? तो परत त्याच खडकावर जाणार."

"केरदोन्कफला सांग," तुदुआल म्हणाला. "मी हरलो. शब्द दिला होता."

सोआझिग उठली. कपाटातून केरदोन्कफनी दिलेला बिस्किटांचा डबा काढला, आणि डब्यातल्या कागदाखालून किल्ली काढून त्याच्या बशीत, केकशेजारी ठेवली.

तुदुआलने त्या डब्यातली सगळी बिस्किटं खाल्ली होती. खालचा कागद मात्र उचलला नव्हता.

"एकटा जायचं नाही," ती म्हणाली. "जेरोला बरोबर न्यायचं."

"मला?" जेरोच्या हातातला चमचा पडला. "मला धक्क्यावरसुद्धा..."

पण तुदुआल त्याच्याकडे अशा डोळ्यांनी बघत होता, की बिचाऱ्याने वाक्य अर्धवट सोडून दिलं. "कधी?" त्याने विचारलं.

पुढच्या शनिवारी भरती चांगली होती. बाकीच्या बोटी अजून खोट्या समुद्रावर कुठेतरी पळत होत्या, पण त्यांच्याकडे बघायला कुणाला वेळ नव्हता. जेरोने व्हॅनमधलं चीज काढून ठेवलं, ट्रॉली हुकाला अडकवली. घरूनच लाइफ जॅकेट घातलं, मळमळीच्या गोळ्या घेतल्या, खिशात पिशवी ठेवली. आणि त्याने मनाशी एक पक्कं ठरवलं होतं. आज काहीही झालं तरी तो शब्द तोंडातून काढायचा नाही. रविवारी आपल्यामुळे साडूची बोट बेटावर गेली ही गोष्ट त्याच्या मनाला फार लागली होती. वाटेत तो मनातल्या मनात घोकत राहिला: लांबकान्या, लांबकान्या.

"गाडी मी चालवणार," तुदुआल म्हणाला. "जोझेफिनला पाण्यात मीच नेणार."

"हूक जरा सैल वाटतोय."

"साडोबा, चीजमधलं तू बघ, बोटीचं मी बघतो."

सोआझिग, अनाइग, रोझेन आणि सगळा बार धक्क्यावर वाट बघत होता. बंदराकडे जायला रस्ता एकच, गावाच्या तोंडाशी असलेल्या गोल चौकातून. मधल्या बेटावर केरदोन्कफचे जिरेनियम लालभडक फुलले होते. मध्ये बोटीएवढी जागा अजून मोकळीच होती. केरदोन्कफनी आशा सोडली नव्हती.

व्हॅन चौकात शिरली. तुदुआल उजवीकडे वळला, आणि त्याच क्षणी जेरोला दिसलं, की जिरेनियममधून एक जाडजूड, तांबूस रानटी प्राणी टुणकन उडी मारून रस्त्याच्या मधोमध येऊन बसलाय आणि तोंड हलवतोय.

"स—" जेरो म्हणाला, आणि त्याने तोंडावर हात ठेवला.

"काय?"

"तो! तो बघ! लांब कानांचा!"

"केरदोन्कफ?" तुदुआलचा चेहरा फुलला. त्याने मान नगरपालिकेकडे वळवली आणि खिडकीतून टोपी हलवायला सुरुवात केली. "कुठाय? बघू दे त्याला, जोझेफिन पाण्यात चाललीय म्हणावं!"

"तो नव्हे! छोटा! रस्त्यात! गवत खातोय!"

"केरदोन्कफ गवत खातोय?"

"चार पायांचा!" जेरो रडकुंडीला आला. "कोंबडी! रविवारची कोंबडी!"

तेवढं मात्र तुदुआलला बरोबर कळलं. त्याने समोर बघितलं आणि दोन्ही पाय ब्रेकवर दाबले. व्हॅन थांबली. प्राण्याने मान वर करून दोघांकडे बघितलं आणि शांतपणे रस्ता ओलांडून गेला.

हूक निघाला. व्हॅन उजवीकडे वळलेली होती, ट्रॉली सरळ गेली. ट्रॉली बेटाच्या काठाच्या दगडाला अडून थांबली. जोझेफिन थांबली नाही. ती जिरेनियमच्या दोन रांगांवरून घसरत पुढे गेली आणि मोकळ्या जागेत, नाक समुद्राकडे करून, जराही वाकडी न होता बसली.

केरदोन्कफ नगरपालिकेतून धावत आले. "काय झालं?" त्यांनी विचारलं.

"आदळलो," तुदुआल म्हणाला. "चौक होता तिथंच होता."

केरदोन्कफ बोटीभोवती एक चक्कर मारून आले. तिच्या तळाला भोक पडलं होतं. फुलांचं पाणी निचरायला ते लागतंच, असं त्यांनी सांगितलं.